मंगळ किती थंड झाला? ग्रहाच्या पोटातल्या उष्णतेचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये कसा मांडायचा

ग्रहाचं अंतरंग कोणी पाहिलेलं नाही, आणि साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचं तर नाहीच. तरी तो केव्हा किती गरम होता हे बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं, कारण उष्णतेचा जमाखर्च चुकत नाही. १९८३ मध्ये डेव्हिड स्टीव्हन्सन, टिलमन स्पोन आणि जेराल्ड शुबर्ट या तिघांनी पृथ्वीसारख्या खडकाळ ग्रहांचा हा जमाखर्च चुंबकीय क्षेत्रासकट एकाच चौकटीत मांडला. ती चौकट आजही वापरात आहे आणि सुदैवानं ती एका स्प्रेडशीटमध्ये मावते. खाली मंगळ घेतला आहे. पृथ्वीचं कवच तुकड्यांमध्ये विभागलेलं आहे आणि ते तुकडे सरकत, बुडत राहतात, त्यामुळे तिचं गणित अधिक किचकट होतं. मंगळाला एकच अखंड, न हलणारं झाकण आहे.

सामग्री म्हणजे एक स्प्रेडशीट, ४५० ओळी आणि एक दुपार. मोठ्या संख्या स्प्रेडशीटमध्ये लिहितात तशा लिहिल्या आहेत: १०^२० म्हणजे १० चा विसावा घात, १०^-६ म्हणजे दहा लाखांश.

आधी केल्विनचं गणित करून हात बसवा

लॉर्ड केल्विन यांनी १८६२ च्या सुमारास पृथ्वीचं वय काढलं ते फक्त वहनाच्या (पदार्थ न हलता त्यातून उष्णता सरकण्याच्या) सूत्रावरून. सुरुवातीचं तापमान ३,९०० अंश, जमिनीत खाली जाताना दर २७.४ मीटरला १ अंश वाढ, खडकाची उष्णता-विसरणक्षमता १.१८ × १०^-६ चौरस मीटर प्रति सेकंद. वय = (तापमान ÷ उतार)^२ ÷ (π × विसरणक्षमता); उतार म्हणजे मीटरमागे होणारी तापमानवाढ. उत्तर सेकंदांत येईल, त्याला ३.१५६ × १०^७ ने भागा. ९.८ कोटी वर्षं आली तर तुमचं एककांचं गणित बरोबर आहे. केल्विन यांना हीच संख्या मिळाली होती, आणि अनिश्चितता धरून त्यांनी २ ते ४० कोटी असा पट्टा दिला होता.

केल्विन चुकले ते किरणोत्साराचा शोध लागलेला नव्हता म्हणून, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. दहा कोटी वर्षांत वहनानं फक्त वरच्या शे-दीडशे किलोमीटरांतली उष्णता बाहेर येते. तेवढ्या थरात किरणोत्सारी उष्णता मिसळली तरी उत्तर फारसं हलत नाही. खरी चूक जॉन पेरी यांनी १८९५ मध्येच दाखवली होती: खोलवरचा पदार्थ उष्णता सहज वर आणत असेल, तर पृष्ठभागाजवळचा उतार कितीतरी जास्त काळ टिकतो. म्हणजे मुद्दा संवहनाचा, पदार्थच हलून उष्णता नेण्याचा, होता. पुढचं सगळं मॉडेल याच एका गोष्टीवर उभं आहे.

स्थिरांक: सगळे एका वेगळ्या पानावर

हे आकडे सूत्रांत थेट टाइप करू नका. प्रत्येकाला स्वतःची सेल द्या आणि डॉलरचं चिन्ह लावून ती बांधून ठेवा, कारण नंतर यातले निम्मे बदलून पाहायचे आहेत.

- ग्रहाची त्रिज्या ३,३९० किमी, वस्तुमान ६.४२ × १०^२३ किलो
- गाभ्याची त्रिज्या १,६५० किमी, सरासरी घनता ६,५०० किलो प्रति घनमीटर, म्हणजे वस्तुमान १.२२ × १०^२३ किलो
- उरलेलं ५.२ × १०^२३ किलो म्हणजे प्रावरण (गाभा आणि कवच यांच्या मधला जाड खडकाळ थर) आणि कवच मिळून
- विशिष्ट उष्णता: प्रावरण १,२००, गाभा ८४० ज्यूल प्रति किलो प्रति केल्विन
- उष्णतावाहकता ४ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, विसरणक्षमता १०^-६
- प्रसरणांक २.५ × १०^-५ प्रति केल्विन, गुरुत्वत्वरण ३.७, प्रावरणाच्या वरच्या भागाची घनता ३,५००
- पृष्ठभागाचं तापमान २२० केल्विन

गाभ्याच्या त्रिज्येबद्दल एक सूचना. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकावरून २०२१ मध्ये ती १,८३० किमीच्या आसपास निघाली होती. २०२३ मध्ये त्याच नोंदी नव्यानं तपासल्यावर गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा एक थर असावा आणि खुद्द धातूचा गाभा १,६५० ते १,६७५ किमीचा असावा, असं दिसलं. त्रिज्या बदलली की गाभ्याची घनताही बदलायला हवी, नाहीतर ग्रहाचं एकूण वस्तुमान जुळणार नाही. म्हणून प्रावरणाचं वस्तुमान नेहमी वजाबाकीनं काढा, घनता गुणून काढू नका.

जमेची बाजू: किरणोत्सारी उष्णता

मंगळावरून आलेल्या उल्कापाषाणांच्या रसायनावरून हाइनरिश वेंके आणि गेर्लिंड ड्राइबस यांनी दिलेलं प्रमाण बहुतेक जण वापरतात: पोटॅशियम दशलक्षात ३०५ भाग, थोरियम अब्जात ५६ भाग, युरेनियम अब्जात १६ भाग. प्रत्येक समस्थानिकाची उष्णता (वॅट प्रति किलो) आणि अर्धायुष्य असं:

- युरेनियम-२३८: ९.४६ × १०^-५, ४.४७ अब्ज वर्षं
- युरेनियम-२३५: ५.६९ × १०^-४, ०.७०४ अब्ज वर्षं
- थोरियम-२३२: २.६४ × १०^-५, १४ अब्ज वर्षं
- पोटॅशियम-४०: २.९२ × १०^-५, १.२५ अब्ज वर्षं

युरेनियमपैकी आज ०.७१ टक्के २३५ आहे, आणि पोटॅशियमपैकी फक्त ०.०११९ टक्के पोटॅशियम-४० आहे. नवख्याची पहिली घोडचूक इथेच होते. सगळंच पोटॅशियम किरणोत्सारी धरलं तर एकट्या पोटॅशियमची उष्णता आठ हजार पटींहून जास्त येते आणि ग्रह कागदावरच बाष्प होतो.

दर ओळीत प्रत्येक समस्थानिकासाठी आजची उष्णता × २^(किती अब्ज वर्षांपूर्वी ÷ अर्धायुष्य) काढा आणि चारींची बेरीज घ्या. आजची बेरीज ४.१ × १०^-१२ वॅट प्रति किलो यायला हवी, साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची २.३ × १०^-११, म्हणजे साडेपाच पटींहून थोडी जास्त. तेव्हाच्या बेरजेत निम्म्याहून अधिक वाटा पोटॅशियमचा आहे आणि त्याखालोखाल युरेनियम-२३५ चा. आज मात्र युरेनियम-२३८ आणि थोरियम आघाडीवर आहेत. हे दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या आकड्यांचा अर्थ मनात ठेवायला एक सोपं माप: काहीच उष्णता बाहेर गेली नाही, तर सुरुवातीच्या दरानं प्रावरण एका अब्ज वर्षात ६०० केल्विननं तापेल, आजच्या दरानं साधारण ११० केल्विननं.

खर्चाची बाजू: श्यानता

प्रावरण घन असलं तरी कोट्यवधी वर्षांच्या मापानं वाहतं. किती सहज वाहतं ते श्यानता, म्हणजे पदार्थाचा घट्टपणा, ठरवते आणि श्यानता तापमानानुसार प्रचंड बदलते:

श्यानता = संदर्भ श्यानता × घातांकी (स्प्रेडशीटमधलं EXP)[(सक्रियण ऊर्जा ÷ वायुस्थिरांक) × (१/तापमान − १/१६००)]

सक्रियण ऊर्जा ३ × १०^५ ज्यूल प्रति मोल, वायुस्थिरांक ८.३१४. संदर्भ श्यानता म्हणजे १,६०० केल्विनला असलेली: कोरड्या खडकासाठी १०^२१ पास्कल-सेकंद, पाणी मुरलेल्यासाठी १०^१९. पहिल्या फेरीसाठी मधली १०^२० घ्या.

झाकणाच्या तळाशी तापमान किती असतं? झाकण घट्ट असतं म्हणून हलत नाही. त्याच्या खाली जो थर खरंच ढवळला जातो, त्याच्यातला तापमानाचा फरक फार मोठा नसतो. आन दाव्हाय आणि क्लोद जोपार यांनी १९९३ मध्ये प्रयोगशाळेत, टाकीतल्या घट्ट द्रवावर प्रयोग करून दाखवलं की हा फरक साधारण २.२ × वायुस्थिरांक × तापमान^२ ÷ सक्रियण ऊर्जा इतका असतो. १,७०० केल्विनला तो १७६ केल्विन येतो, म्हणजे झाकणाचा तळ १,५२४ केल्विनवर. दोन वर्षांनी स्लावा सोलोमातोव यांनी अचल झाकणाचं संवहन हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत, हे गणितानं पक्कं केलं. त्याआधीची कित्येक मॉडेलं पृथ्वीचाच नियम मंगळाला लावत होती आणि मंगळ भलताच लवकर थंड करत होती.

आता थराची जाडी:

जाडी = [४५० × विसरणक्षमता × श्यानता ÷ (प्रसरणांक × घनता × गुरुत्वत्वरण × तापमान-फरक)]^(१/३)

आणि उष्णता प्रवाह = वाहकता × तापमान-फरक ÷ जाडी. ४५० हा संवहन सुरू होण्याचा उंबरठा आहे. इथे ग्रहाचा आकार सूत्रातून गळून पडतो. ते चुकून झालेलं नाही, घनमुळाचा परिणाम आहे.

पडताळणीसाठी, संदर्भ श्यानता १०^२० धरून: १,६०० केल्विनला ६.५, १,७०० ला ११.९ आणि १,९०० ला ३३.६ मिलिवॅट प्रति चौरस मीटर. तीनशे केल्विनच्या वाढीत प्रवाह पाचपट होतो. ग्रह गरम झाला की पातळ होतो आणि भराभर उष्णता टाकतो, थंड झाला की घट्ट होतो आणि उष्णता धरून ठेवतो. डेव्हिड टोझर हे १९६० च्या दशकापासून सांगत होते, आणि सुरुवातीला फारसं कोणी मनावर घेतलं नव्हतं.

रकाने मांडणं

वेळेची पायरी १ कोटी वर्षं घ्या, म्हणजे ४५० ओळी. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी पुढे सरकतात: प्रावरणाचं तापमान, गाभ्याचं तापमान आणि झाकणाची जाडी. बाकी सगळे रकाने त्याच ओळीतल्या या तिघांवरून निघतात. क्रम असा ठेवा: काळ, किरणोत्सारी उष्णता, प्रावरणाचं तापमान, श्यानता, तापमान-फरक, थराची जाडी, वरचा प्रवाह, झाकणाची जाडी, झाकणाच्या तळाची त्रिज्या, ढवळल्या जाणाऱ्या प्रावरणाचं वस्तुमान, गाभ्याचं तापमान, खालचा प्रवाह, आणि शेवटी तीन बदल.

प्रावरणाचा बदल = (वस्तुमान × किरणोत्सारी उष्णता − वरचा प्रवाह × झाकणतळाचं क्षेत्रफळ + गाभ्याकडून येणारी उष्णता) ÷ (वस्तुमान × १,२००) × पायरीतले सेकंद.

वस्तुमान म्हणजे झाकणाखालच्या भागाचंच, सगळ्या प्रावरणाचं नव्हे: सरासरी ३,६०० घनता × गाभा ते झाकणतळ या गोलाकार थराचं घनफळ. झाकणातली किरणोत्सारी उष्णता वहनानं थेट वर जाते. तिला खालच्या हिशेबात घेतलं तर ती दोनदा मोजली जाते. हा दोष पकडणं अवघड असतं, कारण आलेखाचा आकार छान दिसतो, फक्त तापमान काही दहा केल्विननं वर बसतं.

झाकणाचा बदल = (झाकणतळाशी वहनानं जाणारी उष्णता − खालून येणारा प्रवाह) ÷ (३,५०० × १,२०० × तापमान-फरक) × सेकंद. वहनाची उष्णता म्हणजे ४ × (तळाचं तापमान − २२०) ÷ झाकणाची जाडी, वजा ३,५०० × किरणोत्सारी उष्णता × जाडी ÷ २. ही शेवटची वजाबाकी विसरली तर झाकण गरजेपेक्षा जाड निघतं. तीच संख्या वजा न करता मिळवली की पृष्ठभागाचा प्रवाह मिळतो, आणि तो पुढे लागणार आहे.

सुरुवात प्रावरण १,९००, गाभा २,४०० केल्विन आणि झाकण १०० किमी अशी करा. झाकण १० किमीपासून सुरू करायचा मोह होतो, कारण तरुण ग्रहाला तेवढंच झाकण असेल असं वाटतं. पण पातळ झाकणाचं समीकरण फार चपळ असतं. १०० किमी जाडीला त्याचा प्रतिसादकाळ ५ कोटी वर्षं आहे, ५० किमीला सव्वा कोटी, १० किमीला फक्त पाच लाख. पायरी प्रतिसादकाळाच्या दुपटीहून मोठी झाली की आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.  पातळ झाकण हवंच असेल तर पहिल्या १० कोटी वर्षांसाठी पायरी एक लाख वर्षांवर आणा.

गाभा: इथे दाब विसरू नका

गाभ्यालगतच्या प्रावरणाचं तापमान वरच्यापेक्षा जास्त असतं, केवळ दाबामुळे. वाढ = प्रसरणांक × गुरुत्वत्वरण × तापमान ÷ विशिष्ट उष्णता × उंची. मंगळासाठी दर किलोमीटरला ०.१३ ते ०.१५ केल्विन येते. झाकणतळापासून गाभ्यापर्यंतच्या अंतरानं गुणा, सुरुवातीला २४० केल्विनच्या आसपास भरेल. गाभा त्याहून जितका गरम, तितका खालचा तापमान-फरक.

खालच्या थराची जाडी वरच्याच सूत्रानं काढा, पण श्यानता त्या थराच्या सरासरी तापमानाला, आणि सक्रियण ऊर्जेत दाबाचा हिस्सा मिळवून. मंगळाच्या गाभ्याच्या सीमेवर दाब १९ अब्ज पास्कलच्या घरात आहे. सक्रियण आकारमान ६ × १०^-६ घनमीटर प्रति मोल धरलं तर १.१४ × १०^५ ज्यूलची भर पडते. संदर्भ तापमानाच्या पदात मात्र ही भर घालायची नाही, कारण तिथे दाब शून्य आहे.

भर न घातल्यास काय होतं ते पाहा. २,२७० केल्विनला श्यानता चारशे पटींनी कमी येते आणि गाभ्यातून निघणारा प्रवाह १६ ऐवजी ११८ मिलिवॅट होतो. गाभ्याची जास्तीची उष्णता वीसएक कोटी वर्षांत संपते. मग मंगळाचं चुंबकत्व तेवढ्यातच संपायला हवं होतं. प्रत्यक्षात मार्स ग्लोबल सर्वेयर यानाला दक्षिणेकडच्या प्राचीन कवचात जोरदार गोठलेलं चुंबकत्व सापडलं. हेलास आणि आर्गिरे या प्रचंड आघात-खोऱ्यांत मात्र ते जवळजवळ नाही, म्हणजे ते कवच गोठलं तेव्हा क्षेत्र चालू होतं आणि खोरी तयार होईपर्यंत विझलं असावं.

गाभ्याचा बदल साधा आहे: − खालचा प्रवाह × ३.४२ × १०^१३ चौरस मीटर ÷ (१.२२ × १०^२३ × ८४०) × सेकंद. तोंडपाठ ठेवण्याचा आकडा असा: गाभा अब्ज वर्षांत १०० केल्विननं थंड होत असेल, तर प्रवाह ९.५ मिलिवॅट असतो. द्रव गाभ्यात निव्वळ उष्णतेच्या जोरावर चुंबकीय क्षेत्र तयार व्हायला ५ ते २० मिलिवॅटचा उंबरठा ओलांडावा लागतो, तो गाभ्याची वाहकता किती धरता यावर. तुमच्या आलेखात पहिली काही दशकोटी वर्षं प्रवाह त्या उंबरठ्यापाशी आणि नंतर कायम खाली राहिला, तर मॉडेल मंगळाच्या जवळ आहे.

उत्तरावर विश्वास ठेवण्यापूर्वी

पायरी निम्मी करून पुन्हा चालवा. आजचं तापमान एक केल्विनहून जास्त हललं तर पायरी मोठी होती. मग झाकणाची जाडी स्थिर करून ठेवा आणि सगळ्या ओळींतल्या जमाखर्चाची बेरीज घ्या: किरणोत्सारी जमा, वजा बाहेर गेलेली, बरोबर प्रावरण आणि गाभ्यातल्या साठ्याचा बदल. एक टक्क्याहून जास्त तफावत म्हणजे कुठेतरी त्रिज्येचा वर्ग राहिला आहे किंवा किलोमीटर-मीटरचा घोळ आहे. बहुतेक वेळा दुसरंच असतं.

यानंतर सुरुवातीचं तापमान १,९०० ऐवजी २,१०० करा. आजच्या तापमानात फरक दहा केल्विनच्या आत आला पाहिजे. १,९०० केल्विनला ग्रहाची आठवण साधारण ८० कोटी वर्षांची असते, त्याहून गरम असेल तर आणखी कमी. म्हणून सुरुवातीच्या तापमानावर वाद घालण्यात अर्थ नसतो. संदर्भ श्यानता दहापट केली तर मात्र त्याच तापमानाचा प्रवाह २.१५ पट घटतो आणि ग्रह आज बराच जास्त गरम राहतो. वेळ घालवायचा तर श्यानतेवर घालवा.

हाच विसराळूपणा उलटा फिरवला की सापळा होतो. आजच्या तापमानापासून मागे मागे गणित करत जाऊ नका. पुढे जाताना चूक जशी विरते, तशी मागे जाताना ती फुगते. पृथ्वीवर हे अनेकांच्या वाट्याला आलं आहे: आजचा ४७ टेरावॅट प्रवाह आणि त्यातला साधारण निम्म्याहून कमी किरणोत्सारी वाटा घेऊन हेच घनमुळाचं सूत्र मागे चालवलं, तर दोनेक अब्ज वर्षांपूर्वी प्रावरण वितळून गेलेलं निघतं. त्या काळचे घन खडक आज हातात धरता येतात, तेव्हा चूक सूत्राच्या वापरात आहे.

कवच वेगळं काढणं

वरच्या मॉडेलात पहिल्या अब्ज वर्षांत प्रावरण तापत जातं. इतक्या गरम प्रावरणाचा वरचा भाग वितळायलाच हवा आणि वितळलेला खडक किरणोत्सारी मूलद्रव्यं सोबत घेऊन वर येतो. हे गणित सविस्तर करायचं तर वितळण्याचा वक्र आणि किलोमागे सुमारे ६ × १०^५ ज्यूलची गुप्त उष्णता लागते. पण सोपा मार्गही आहे. मार्स ओडिसी यानाच्या गॅमा किरणमापकानं पृष्ठभागावर पोटॅशियम दशलक्षात ३,३०० आणि थोरियम दशलक्षात ०.६ भाग मोजलं. कवच सरासरी ५० किमी जाड आणि २,९०० घनतेचं धरा, त्यातलं पोटॅशियम एकूण पोटॅशियमच्या ४३ टक्के भरतं. थोरियमचंही ४३ टक्केच भरतं. दोन स्वतंत्र मूलद्रव्यांचं उत्तर इतकं जुळावं ही समाधानाची गोष्ट आहे, पण ५० किमी हा आपण धरलेला आकडा आहे. इनसाइटच्या नोंदींवरून सरासरी जाडी ढोबळमानानं २५ ते ७० किमीच्या पट्ट्यात कुठेही असू शकते.

तेव्हा प्रावरणाच्या किरणोत्सारी उष्णतेला ०.५७ ने गुणा आणि उरलेले ४३ टक्के पृष्ठभागाच्या प्रवाहात थेट मिळवा. सगळी उष्णता धरून आजचा हिस्सा १४.८ मिलिवॅट आहे, म्हणजे कवचाचा वाटा सहाच्या वर येतो. त्यात प्रावरण थंड होताना टाकत असलेली उष्णता धरली, की पृष्ठभागाचा प्रवाह बहुतेक मॉडेलांत १५ ते २५ मिलिवॅटच्या दरम्यान येतो.

याची थेट पडताळणी अजून झालेली नाही. इनसाइटवर त्यासाठीच एक उपकरण होतं, पाच मीटरपर्यंत स्वतःला ठोकत खाली जाणारा खिळा, आणि त्याचे प्रमुख होते १९८३ च्या त्या त्रयीतले टिलमन स्पोन. तिथल्या मातीनं खिळ्याला पुरेसं घर्षण दिलंच नाही. तो जेमतेम पृष्ठभागाखाली गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न थांबले. त्यामुळे सध्या आडवळणाचे पुरावे वापरा. उत्तर ध्रुवावरच्या बर्फाच्या जाड थराखाली खडक शंभर मीटरही वाकलेला नाही, असं रडारवरून २००८ मध्ये दिसलं, म्हणजे तिथलं ताठ शिलावरण (कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा थंड, कडक भाग) ३०० किमीहून जाड आहे. भूकंपलहरींवरून शिलावरणाची जाडी ४०० ते ६०० किमी निघाली आहे. तुमच्या मॉडेलात आजचं झाकण २०० किमीच असेल, तर प्रावरणातली किरणोत्सारी उष्णता जास्त धरली गेली असावी.

हीच शीट दुसऱ्या ग्रहांवर

चंद्राला लावायची तर अपोलो १५ आणि १७ च्या जागी मोजलेले २१ आणि १६ मिलिवॅट हाताशी आहेत. पण त्या दोन्ही जागा थोरियम साचलेल्या प्रदेशाच्या जवळ आहेत, त्यांना सगळ्या चंद्राची सरासरी समजू नका.

बुधावर प्रवाहाऐवजी आकुंचन तपासा. ग्रह थंड झाला की आक्रसतो आणि कवचावर सुरकुत्या पडतात. त्रिज्येतली घट ÷ त्रिज्या = प्रसरणांक × तापमानातली घट ÷ ३. मरिनर १० यानाच्या अर्धवट नकाशावरून आकुंचन १ ते ३ किमी वाटत होतं आणि मॉडेलं त्याहून जास्त सांगत होती. कित्येक वर्षं दोष मॉडेलांच्या माथी मारला गेला. मेसेंजर यानानं पूर्ण ग्रहाचे फोटो घेतल्यावर २०१४ मध्ये घट ७ किमीपर्यंत निघाली. २,४४० किमी त्रिज्या आणि ३ × १०^-५ प्रसरणांक घातला तर सरासरी २९० केल्विनची घट येते. यात गाभा गोठल्यानं झालेलं आकुंचन वेगळं धरलेलं नाही, म्हणून ही वरची मर्यादा समजा.

गुरूच्या आयो या चंद्रावर मात्र ही शीट मोडते, आणि कशी मोडते ते पाहण्यासाठीच ती चालवावी. गुरूच्या भरती-ओहोटीच्या ताणानं आयोचं पोट वितळलेलं असेल, असं भाकीत स्टँटन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स यांनी २ मार्च १९७९ ला छापलं. ५ मार्चला व्हॉयेजर १ जवळून गेलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या फोटोंत उसळणारा ज्वालामुखी दिसला. आयोतून सुमारे १०^१४ वॅट बाहेर पडतात, म्हणजे चौरस मीटरला २.४ वॅट, मंगळाच्या शंभरपटीहून जास्त. आता झाकणाची जाडी काढा: ४ × १,३०० ÷ २.४, म्हणजे जेमतेम २.२ किमी. इतक्या पातळ, गरम झाकणावर दहा किलोमीटरहून उंच डोंगर उभे राहू शकत नाहीत, आणि आयोवर ते आहेत. म्हणजे बहुतेक उष्णता झाकणातून वहनानं जातच नाही. ती लाव्ह्यासोबत नळ्यांतून थेट वर येते आणि थंड झालेला खडक गाडला जाऊन झाकण जाडच राहतं. ओ'रायली आणि डेव्हिस यांनी १९८१ मध्ये हाच मार्ग सुचवला. शीटमध्ये तो घ्यायचा असेल तर खर्चाच्या बाजूला एक रकाना वाढवा: दर सेकंदाला वर येणाऱ्या लाव्ह्याचं वस्तुमान × (गुप्त उष्णता + विशिष्ट उष्णता × लाव्हा आणि पृष्ठभाग यांच्या तापमानांतला फरक). झाकणाच्या वहनाच्या रकान्यात फक्त उरलेली उष्णता ठेवा.